निवासी संस्थेतील दिव्यांग रहिवाशांचे काळजी-कार्यक्रम : पर्यवेक्षकाने काय पाहावे, केव्हा पाहावे आणि कसे लिहावे

पर्यवेक्षक म्हणून रुजू झालेल्या माणसाच्या हाती पहिल्याच दिवशी फाइलींचा गठ्ठा दिला जातो. प्रत्येक रहिवाशाची एक फाइल असते; तिच्यात वैद्यकीय कागद, मूल्यमापनाचे तक्ते आणि 'वैयक्तिक कार्यक्रम' अशा मथळ्याचे एक पान असते. अमुक व्यक्तीला स्वतःचे दात घासायला शिकवले जात आहे, तमुक व्यक्तीची कूस दर दोन तासांनी बदलली जाते, असे त्या पानावर लिहिलेले असते. हे सारे खरोखर घडते का, कोणाच्या हातून घडते आणि ज्याच्यासाठी घडते त्याला त्यातून काय मिळते, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे हे पर्यवेक्षकाचे मुख्य काम आहे. बडोद्यातील एका निवासी संस्थेत बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता (ऑटिझम) आणि सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर ताबा न राहणे) असलेल्या प्रौढ व्यक्तींच्या कार्यक्रमांची जबाबदारी सांभाळताना मला जे करावे लागले, आणि त्यातले बरेचसे मी उशिरा शिकले, ते नव्याने या कामात येणाऱ्यांसाठी येथे क्रमाने मांडत आहे.

पहिली पायरी : कायदेशीर कागद

हे काम एका आठवड्यात उरकता येते, पण टाळता येत नाही. दिव्यांगजन अधिकार अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे आणि त्यानुसार नोंदणी प्रमाणपत्राशिवाय दिव्यांगांसाठी संस्था चालवता येत नाही. आपल्या प्रमाणपत्राची मुदत केव्हा संपते, ही तारीख पर्यवेक्षकाला तोंडपाठ असावी.

त्यानंतर पालकत्वाकडे वळावे. व्यक्ती अठरा वर्षांची झाली की आईवडील आपोआप तिचे कायदेशीर पालक राहत नाहीत, हे पुष्कळ कुटुंबांना ठाऊक नसते आणि शस्त्रक्रियेची संमती किंवा बँकेचे काम निघाले की धावपळ होते. नॅशनल ट्रस्ट कायदा, १९९९ याखाली स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या प्रौढ व्यक्तीसाठी पालक नेमण्याचे काम जिल्हा पातळीवरची स्थानिक स्तर समिती करते. जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात. २०१६ च्या कायद्यातील कलम १४ मर्यादित पालकत्वाचा मार्ग सांगते, म्हणजे ठरावीक निर्णयासाठी, ठरावीक काळापुरते आणि त्या व्यक्तीचा विचार घेऊन केलेले साहाय्य. म्हणून एका वहीत प्रत्येक रहिवाशाच्या नावापुढे पालक कोण, नेमणुकीचा आदेश कोठे ठेवला आहे, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र) आहे का आणि वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण देणाऱ्या निरामया आरोग्य विम्याचे नूतनीकरण केव्हा आहे, एवढे चार रकाने भरावेत. एकही रकाना रिकामा राहिला तर त्या महिन्यातच कुटुंबाला बोलावून घ्यावे.

दुसरी पायरी : पहिला महिना माणूस ओळखण्यासाठी

मूल्यमापनासाठी आपल्याकडे चांगली साधने आहेत. मद्रास विकास कार्यक्रम प्रणालीमध्ये १८ क्षेत्रे आणि प्रत्येक क्षेत्रात २० अशा एकूण ३६० कौशल्यांची यादी आहे. विशेष शिक्षक ती भरून देतात आणि व्यक्ती आज काय करते व काय करत नाही याचे चित्र उभे राहते. त्या यादीत जे मावत नाही ते मात्र पर्यवेक्षकाने स्वतः शोधावे लागते. हा माणूस कोणत्या कुशीवर झोपतो, ताटात भाजी भाताला लागलेली चालते की नाही, कोणता आवाज आला की कानावर हात ठेवतो, दुखले की रडतो की गप्प होतो, या गोष्टी आई, बहीण किंवा जुनी सेविका यांनाच माहीत असतात. त्या त्यांना विचारून एका पानावर, मोठ्या अक्षरांत, साध्या वाक्यांत लिहाव्यात आणि ते पान फाइलीत न ठेवता त्या व्यक्तीच्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवावे. रात्री दोन वाजता नव्या सेविकेला फाइल सापडत नाही, कपाट सापडते.

बडोद्यात या पानावर भाषेची एक वेगळी ओळ हवी. गायकवाडांच्या राज्यापासून या शहरात मराठी घरे आहेत. रावपुरा, दांडिया बाजार अशा जुन्या वस्त्यांतून आलेल्या अनेक रहिवाशांच्या कानांवर लहानपणापासून मराठीच पडलेली असते, तर काळजी घेणाऱ्या बहुतेक सेविका गुजराती बोलतात. ज्याच्याजवळ एकूण तीसच शब्द आहेत त्याचे ते तीस शब्द कोणत्या भाषेतले आहेत, हे प्रत्येक कर्मचाऱ्याला ठाऊक असले पाहिजे. 'नको', 'दुखतंय', 'पुरे', 'झोप', 'आंघोळ', 'आई' हे शब्द आणि त्यांच्यासमोर गुजराती अर्थ असा तक्ता आम्ही स्वयंपाकघरात व न्हाणीघराबाहेर लावला. न बोलणाऱ्या व्यक्तींच्या खुणा त्याच तक्त्यावर चित्रांनी दाखवल्या.

तिसरी पायरी : कार्यक्रम असा लिहावा की रात्रपाळीलाही तो करता यावा

'स्वावलंबन वाढवणे' किंवा 'सामाजिक कौशल्यांचा विकास' असे उद्दिष्ट लिहिले की ते वर्षानुवर्षे तसेच राहते, कारण ते पुरे झाले की नाही हे कोणालाच सांगता येत नाही. त्याऐवजी 'सकाळी आंघोळीनंतर लेंगा गुडघ्यापासून कमरेपर्यंत स्वतः ओढून घेईल, तोंडी आठवण दिली तरी चालेल, सलग पाच दिवस' असे लिहावे. एका वेळी एका व्यक्तीसाठी दोन, फार तर तीन उद्दिष्टे पुरतात. त्यांतले किमान एक त्या व्यक्तीच्या आवडीचे असावे, कारण माणसाचा सबंध दिवस त्याला जे जमत नाही त्याच गोष्टींनी भरून टाकणे योग्य नाही. खंडेराव मार्केटमध्ये जाऊन दहा रुपयांची कोथिंबीर स्वतःच्या हाताने विकत आणणे हे आमच्या एका महिलेचे उद्दिष्ट होते, आणि त्या एका फेरीत तिने नोट ओळखणे, रस्ता ओलांडताना थांबणे व अनोळखी माणसासमोर हात पुढे करणे अशा तिन्ही गोष्टींचा सराव केला.

उद्दिष्ट ठरले की कामाचे तुकडे पाडावेत. बादलीतून तांब्याने पाणी घेऊन आंघोळ करणे हे आपल्याला एक काम वाटते, पण त्यात तांब्याचा काठ धरणे, तो बुडवणे, अर्धाच भरणे, खांद्यापर्यंत उचलणे, डोळे मिटणे आणि ओतणे अशा सहा निरनिराळ्या हालचाली आहेत. त्यांतली कोणती अडते हे पाहिल्याशिवाय शिकवणे सुरू करू नये. लेंगा घालण्यासारख्या कामात शेवटच्या तुकड्यापासून सुरुवात करणे फार उपयोगी पडते: सेविका लेंगा मांड्यांपर्यंत चढवून देते आणि कमरेपर्यंतचा शेवटचा ओढा तेवढा ती व्यक्ती घेते. काम पुरे केल्याचे समाधान पहिल्याच दिवशी तिला मिळते. तो टप्पा पक्का झाला की गुडघ्यांपासून, नंतर घोट्यांपासून, असे मागे मागे सरकावे.

मदतीचीही उतरंड लिहून ठेवावी: हातावर हात ठेवून, कोपराला नुसता स्पर्श करून, बोटाने दाखवून, शब्दाने आठवण करून आणि शेवटी नुसते थांबून. हे शेवटचे थांबणे सेविकांना सर्वांत कठीण जाते. रांगेत अजून सात जणांची आंघोळ राहिलेली असताना एकासाठी दहा सेकंद हात आवरून उभे राहणे सोपे नसते. म्हणून पर्यवेक्षकाने सेविकेला दोष देण्याआधी वेळापत्रक पाहावे. आम्ही दोन जणांची आंघोळ संध्याकाळी नेली, तेव्हा कुठे सकाळी शिकवायला वेळ मिळू लागला.

चौथी पायरी : पाहणी

पाहणीचा एक नियम मी स्वतःला घालून घेतला होता: आठवड्यातून एकदा सकाळी सहाला न्हाणीघरापाशी, दोनदा जेवणाच्या वेळी, आणि महिन्यातून दोनदा न सांगता रात्री एक ते तीनच्या दरम्यान. ऑफिसच्या वेळेत केलेल्या फेरीत सगळे नीटनेटके दिसते.

जेवणाच्या वेळेबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण सेरेब्रल पाल्सी असलेल्या व्यक्तींच्या जिवाला सर्वांत मोठा धोका येथेच असतो. सेविका उभी राहून भरवत असेल तर बसलेल्या माणसाची मान वर होते, हनुवटी उचलली जाते आणि घास अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेकडे जाण्याची शक्यता वाढते. तिने समोर, डोळ्यांच्या पातळीवर बसले पाहिजे. व्यक्तीची पाठ ताठ, कमर खुर्चीच्या मागपर्यंत टेकलेली, पावले टेकवलेली आणि हनुवटी किंचित खाली असावी. चमचा लहान असावा, तो समोरून सरळ यावा आणि वरच्या दातांवर खरवडून रिकामा केला जाऊ नये. एक घास गिळला गेला हे गळ्याकडे पाहून खात्री झाल्यावरच दुसरा द्यावा. पातळ कढीत घट्ट खिचडी कालवून भरवण्याची पद्धत आपल्याकडे मायेने पाळली जाते, पण गिळण्याचा त्रास असलेल्यासाठी ती अडचणीची ठरते, कारण पातळ भाग आधी घशात उतरतो आणि घट्ट भाग तोंडातच राहतो. सगळा घास एकसारख्या दाटपणाचा असणे सुरक्षित. जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नये.

एकदा मी घड्याळ लावून पाहिले, तर एका तरुणाचे सबंध जेवण सहा मिनिटांत संपले होते. त्याला ठसका लागत नव्हता, त्यामुळे सर्व ठीक आहे असे सगळे धरून चालले होते. मात्र जेवणानंतर त्याचा आवाज ओलसर, घरघरता येत असे आणि त्या वर्षी छातीत कफ होऊन त्याला तीनदा दवाखान्यात न्यावे लागले होते. ठसका न लागताही अन्न फुप्फुसात जाऊ शकते. त्याचा चमचा बदलला, गिळण्याची तपासणी करून घेतली, आणि त्याचे जेवण पंचवीस मिनिटांचे झाले. त्यासाठी जेवणाच्या वेळी एक माणूस जास्त लागला, आणि तो मिळवण्यासाठी व्यवस्थापनाशी मला दोन महिने बोलावे लागले. असे बोलणे हा पर्यवेक्षकाच्या कामाचाच भाग आहे, आणि त्यासाठी हातात घड्याळाच्या नोंदी असल्या की बोलणे सोपे जाते.

घास अडकून माणूस खोकू किंवा बोलू शकेनासा झाला तर पुढे वाकवून दोन खवाट्यांच्या मध्ये पाच जोरदार थापा आणि त्या पुरल्या नाहीत तर बेंबीच्या वर पोटावर आत व वरच्या दिशेने पाच दाब, हे आलटून पालटून करायचे असते. हे प्रत्येक कर्मचाऱ्याला, स्वयंपाक्यालासुद्धा, दर सहा महिन्यांनी प्रत्यक्ष करून दाखवावे.

रात्रीच्या फेरीत तीन गोष्टी पाहाव्यात: ज्यांची कूस बदलायची त्यांची ती खरोखर बदलली गेली आहे का, अंथरूण ओले आहे का, आणि नोंदवहीत पहाटे पाचपर्यंतच्या सह्या रात्री एकलाच करून ठेवल्या आहेत का. शेवटची गोष्ट सापडली तर रागावण्याआधी त्या सेविकेची सलग कितवी रात्रपाळी आहे ते तपासावे.

पाचवी पायरी : वर्तनाची नोंद आणि तिचा अर्थ

आमच्याकडे तिशीतले एक गृहस्थ होते, मराठी घरात वाढलेले, मोजकेच शब्द समजणारे. त्यांच्या नोंदवहीत तीन आठवड्यांत अकरा वेळा एकच वाक्य लिहिलेले होते: 'जेवणाच्या वेळी जिद्द करतो, रांगेत खाली बसून जातो.' मी तीन रकाने आखून दिले: आधी काय घडले, व्यक्तीने काय केले, त्यानंतर इतरांनी काय केले. पहिला रकाना रोज रिकामा येऊ लागला, कारण वाढणाऱ्या सेविकेच्या मते आधी काही घडलेलेच नव्हते. चौथ्या दिवशी मी वाढपाच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. ते थाळी घेऊन आले, तिने डावाने डाळ वाढली आणि गुजरातीत विचारले, 'बस?' ते थाळी दोन्ही हातांत सांभाळत, एक थेंबही न सांडता, होते तेथेच खाली बसले आणि तिच्याकडे पाहून हसले. तिने 'पुरे का?' असे विचारले होते. त्यांनी मात्र आई ज्या शब्दाने जन्मभर पाटावर बसवत आली तो शब्द ऐकला होता. त्या तीन आठवड्यांत त्यांना दोनदा रांगेबाहेर काढले गेले होते आणि जेवण उशिरा मिळाले होते, ही नोंद वाचताना मला आजही वाईट वाटते. दुसऱ्या दिवसापासून सेविका तळहात आडवा धरून 'पुरे?' असे विचारू लागली आणि तो प्रकार थांबला.

अशा नोंदींतून अर्थ काढताना शारीरिक कारण सर्वांत आधी तपासावे. स्वतःच्या गालावर मारणाऱ्याची दाढ किडलेली असू शकते, डोके आपटणाऱ्याचा कान दुखत असू शकतो, आणि अचानक चिडखोर झालेल्याचे पोट चार दिवस साफ झालेले नसू शकते. शारीरिक कारण नाही असे ठरल्यावर मग पाहावे की या वर्तनातून त्या व्यक्तीला कोणाचे लक्ष मिळते का, नको असलेले काम टळते का, हवी असलेली वस्तू हाती येते का, की ती हालचालच तिला बरी वाटते. कारण सापडले की तीच गरज सांगण्याचा सोपा मार्ग शिकवावा, उदाहरणार्थ 'थांबा' म्हणण्यासाठी एक चित्रपट्टी.

बांधून ठेवणे, खोलीत कोंडणे, जेवण किंवा पाणी तोडणे, सर्वांसमोर अपमान करणे हे कोणत्याही कार्यक्रमात बसत नाही. दिव्यांग व्यक्तीला जाणूनबुजून अपमानित करणे, मारहाण करणे किंवा आपल्या ताब्यातल्या व्यक्तीला जाणूनबुजून अन्नपाणी नाकारणे यासाठी २०१६ च्या कायद्यातील कलम ९२ मध्ये सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगितला आहे. ही ओळ कर्मचाऱ्यांना रुजू होतानाच वाचून दाखवावी, त्यांच्या भाषेत समजावावी आणि सही घ्यावी.

सहावी पायरी : औषधे, फिट आणि रोजचे आरोग्य

बौद्धिक अक्षमतेबरोबर अपस्मार पुष्कळदा आढळतो, म्हणून फिटची नोंद काटेकोर हवी: सुरू झाल्याची आणि थांबल्याची वेळ, कोणत्या बाजूने सुरुवात झाली, नंतर झोप किती लागली. फिट आलेल्या व्यक्तीला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, आसपासच्या कठीण वस्तू दूर कराव्यात, तोंडात चमचा किंवा बोट घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये आणि पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणी पाजू नये. पाच मिनिटांत फिट थांबली नाही, किंवा शुद्धीवर येण्याआधी दुसरी सुरू झाली, तर १०८ ला फोन करावा. डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेला नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा असेल तर त्यांनी सांगितलेल्या वेळी तो द्यावा. तो फवारा कुलूपबंद कपाटात आणि किल्ली घरी गेलेल्या परिचारिकेकडे, अशी स्थिती मी पाहिलेली आहे. पाळी बदलताना किल्ली हातात देण्याची सही वेगळी घ्यावी.

फिटची औषधे एकाएकी बंद झाली तर जिवावर बेतू शकते. म्हणून किमान पंधरा दिवसांचा साठा शिल्लक असतानाच नवी मागणी जावी, आणि दिवाळीत घरी जाणाऱ्यांच्या पिशवीत दिवसाप्रमाणे वेगळ्या केलेल्या पुड्या द्याव्यात व परतल्यावर उरलेल्या मोजाव्यात. औषध नाकारले तर ते शिऱ्यात लपवून देण्याचा निर्णय सेविकेने घेऊ नये. तो डॉक्टर आणि पालक यांनी मिळून घ्यावा व फाइलीत लिहावा. फेनिटॉइन घेणाऱ्यांच्या हिरड्या वाढू शकतात, त्यामुळे त्यांचा दात घासण्याचा कार्यक्रम इतरांहून अधिक काळजीने पाहावा. डाउन सिंड्रोम असलेल्यांची थायरॉइडची तपासणी दर वर्षी व्हावी.

शौचाच्या नोंदीला कमी लेखू नये. तीन दिवस काही नोंद नसेल तर परिचारिकेला कळवणे हा लेखी नियम असावा, कारण न बोलणाऱ्या माणसाच्या पोटदुखीची तीच एक खूण असू शकते.

सातवी पायरी : खासगी काळजी आणि सुरक्षितता

आंघोळ, कपडे बदलणे आणि पाळीच्या दिवसांतली स्वच्छता ही कामे कोण करणार, हे नावानिशी ठरलेले असावे. स्त्रियांची अशी काळजी स्त्री कर्मचाऱ्यांनीच घ्यावी, आणि प्रत्येक वेळी काय करणार आहोत ते आधी सांगून, व्यक्तीला समजत नसले तरी सांगून, मगच हात लावावा. पाळीची तारीख वहीत लिहिली की वर्तनातले काही बदल आपोआप उलगडतात, आणि एखादा महिना चुकला तर तेही ताबडतोब लक्षात येते. पाळीचा त्रास नको म्हणून गर्भाशय काढून टाकण्याची गोष्ट एखादे दमलेले कुटुंब काढते. तेव्हा त्यांची दमछाक समजून घ्यावी, पण २०१६ च्या कायद्यातील कलम १० नुसार दिव्यांग व्यक्तीच्या स्वेच्छेच्या, माहितीपूर्ण संमतीशिवाय वंध्यत्व आणणारी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया करता येत नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगावे.

अंगावर न समजणारा ओरखडा, एखाद्या माणसाजवळ जायला एकाएकी नकार, झोपेत दचकणे यांची नोंद त्याच दिवशी व्हावी. अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत लैंगिक अत्याचाराचा संशय आला तरी २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा कळवला नाही तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आधी 'आपल्या पातळीवर' चौकशी करू, असे कोणी सुचवले तर पर्यवेक्षकाने ते मानू नये.

आठवी पायरी : काम करणारी माणसे

एकट्या प्रशिक्षण वर्गाने सवयी बदलत नाहीत. मी नव्या सेविकेला पहिले पाच दिवस जुन्या सेविकेबरोबर ठेवते, सहाव्या दिवशी तिचे काम स्वतः पाहते आणि सुधारणा लगेच, पण इतरांदेखत नव्हे, सांगते. पाळी बदलताना पंधरा मिनिटे दोन्ही पाळ्या एकत्र असाव्यात आणि त्यांनी बोलत बोलत प्रत्येकाच्या पलंगापाशी जावे. नुसती वही हातात देऊन निघून जाणे बंद करावे. उचलण्याचे काम दोघांनी मिळून, चादरीच्या आधाराने करावे, कारण पाठ दुखणारी सेविका नाइलाजाने घाई करते. ज्या बेनने काही नवे निरीक्षण आणले तिचे नाव आढावा बैठकीत घ्यावे. आमच्याकडील अनेक चांगल्या सूचना सफाई करणाऱ्या मावशींकडून आल्या, कारण दिवसभर त्या सगळ्या खोल्यांत असतात.

नववी पायरी : आढावा

महिन्यातून एकदा प्रत्येक उद्दिष्टाचा, आणि सहा महिन्यांतून एकदा कुटुंबासह संपूर्ण कार्यक्रमाचा आढावा घ्यावा. ती व्यक्ती बैठकीत हजर असावी. ती बोलत नसली तरी कोणत्या विषयाला तिचा चेहरा खुलतो आणि कोणत्या विषयाला ती खुर्चीत सरकते, ते दिसते. तीन महिने काहीच प्रगती नसेल तर व्यक्तीला 'प्रतिसाद नाही' असा शेरा देण्याआधी तुकडा मोठा झाला का, मदत चुकीच्या वेळी दिली जाते का आणि ते काम तिला हवे तरी आहे का, हे प्रश्न विचारावेत. जे येत होते ते जाऊ लागले तर आळस समजू नये. डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींना चाळिशी-पन्नाशीत स्मृतिभ्रंश लवकर सुरू होऊ शकतो, पण तो गृहीत धरण्याआधी थायरॉइड, ऐकू येणे, दिसणे आणि उदासीनता यांची तपासणी व्हावी, कारण यांतल्या पुष्कळ गोष्टींवर उपचार होतात.

दहावी पायरी : बडोद्याचे वर्ष

कार्यक्रमाच्या कॅलेंडरमध्ये शहराचे ऋतू लिहिलेले असावेत. उत्तरायणात, १४ आणि १५ जानेवारीला, गच्चीवर नेल्या जाणाऱ्या प्रत्येक रहिवाशामागे एक माणूस ठरलेला असावा, मांजा कोणाच्याही हाती देऊ नये आणि लाउडस्पीकरच्या आवाजाने त्रास होणाऱ्यांसाठी रस्त्यापासून दूरची एक खोली शांत ठेवावी. नवरात्राच्या नऊ रात्री गरब्याचा आवाज उशिरापर्यंत चालतो; अपुऱ्या झोपेमुळे फिट येण्याची शक्यता वाढते, म्हणून त्या दिवसांत दुपारची झोप वाढवावी. ज्यांना गरबा आवडतो त्यांना मात्र जरूर न्यावे आणि लवकर परत आणावे. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. मानसिक आजारांवरच्या काही औषधांनी शरीराचे तापमान सांभाळण्याची क्षमता कमी होते आणि टोपिरामेट या फिटवरच्या औषधाने घाम कमी येऊ शकतो, त्यामुळे ही औषधे घेणाऱ्यांची यादी स्वयंपाकघरात द्यावी आणि त्यांना मागण्याची वाट न पाहता तासातासाला पाणी किंवा ताक द्यावे. ज्यांना पातळ पदार्थ गिळता येत नाहीत त्यांच्यासाठी ते दाट करावे.

पावसाळ्याची तयारी सर्वांत गंभीरपणे करावी. जुलै २०१९ च्या अखेरीस आणि पुन्हा ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी वस्त्यांमध्ये शिरले, वीज गेली आणि नदीतल्या मगरी रस्त्यांवर आल्या. चालता न येणाऱ्या व्यक्तींची झोपण्याची व्यवस्था वरच्या मजल्यावर असणे उत्तम. ते शक्य नसेल तर कोणाला कोण, कोणत्या जिन्याने, किती जणांनी मिळून वर न्यायचे, याचा सराव मे महिन्यातच दोनदा करावा, एकदा दिवसा आणि एकदा दिवे बंद करून. प्रत्येक रहिवाशाची एक जलरोधक पिशवी वरच्या मजल्यावर टांगलेली असावी. तिच्यात सात दिवसांची औषधे, औषधांच्या तक्त्याची आणि यूडीआयडी कार्डाची प्लास्टिकमध्ये बंद केलेली प्रत, कपड्यांचे दोन जोड, लागत असल्यास डायपर व सॅनिटरी पॅड, आणि ज्या वस्तूशिवाय ती व्यक्ती शांत होत नाही ती वस्तू किंवा तिची जोडी असावी. आमच्या एका रहिवाशासाठी ती वस्तू म्हणजे आईच्या नऊवारीचा हातभर तुकडा आहे. त्याचा दुसरा तुकडा आम्ही तिच्या बहिणीकडून मागून घेतला आणि पिशवीत ठेवला. १ जूनला सर्व पिशव्या उघडून औषधांच्या मुदतीच्या तारखा पाहाव्यात आणि ज्या सेविकेच्या ताब्यात ती पिशवी आहे तिची सही घ्यावी.